गेम म्हटलं की रमीच का आठवते? छोटे गेम बनवणाऱ्यांचं जग बुलढाण्यातून कसं दिसतं

जुलै २०२५ मध्ये एक व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. विधान परिषदेच्या सभागृहात बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम उघडलेला त्यात दिसत होता. आमदार रोहित पवार यांनी तो समोर आणला. आपण रमी खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला गेम बंद करत होतो, असं कोकाटे यांचं म्हणणं. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. मीम बनवणाऱ्यांना तर आयतंच रान मिळालं.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० ऑगस्टला विधेयक लोकसभेत आलं, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सहीही झाली. तीन दिवसांत सगळं आटोपलं. बातम्यांच्या मथळ्यांमध्ये एकच शब्द होता, ‘ऑनलाइन गेमिंग’. आणि तो वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आले ते पत्ते, फँटसी क्रिकेट आणि कर्जात बुडालेली पोरं.

पण याच शब्दाखाली आणखी एक जमात राहते. ती पैसे लावत नाही. रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप उघडते, स्वतः बनवलेल्या गेममधल्या बाहुलीची उडी नीट का पडत नाही यावर अनोळखी लोकांशी तास-दोन तास बोलते आणि झोपते. यांना इंडी गेमवाले म्हणतात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी हे करत असेल, तर आईवडिलांना दिसतं ते एवढंच: पोरगं रात्रभर ‘गेम’वर असतं. त्यांना आठवते रमी. त्यांचंही चुकत नाही, कारण गेली काही वर्षं जाहिरातींनी त्यांना तेवढंच दाखवलं.

कायद्याने नक्की कशावर बंदी आणली?

कायद्याचं नाव ‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन अधिनियम, २०२५’. त्याने गेमचे तीन कप्पे केले आहेत. पहिला ई-स्पोर्ट्स, म्हणजे नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धा. दुसरा ऑनलाइन सोशल गेम, म्हणजे करमणुकीसाठी किंवा काही शिकण्यासाठी खेळले जाणारे गेम. तिसरा ऑनलाइन मनी गेम, म्हणजे जिथे पैसे लावायचे आणि जास्त पैसे मिळतील अशी आशा ठेवायची. बंदी आहे ती या तिसऱ्या कप्प्यावर. मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा.

असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला कायदा पीडित मानतो. देशात सुमारे ४५ कोटी लोक अशा गेममध्ये दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या, वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

छोटे गेम बनवणाऱ्यांसाठी यातली कामाची ओळ दुसऱ्या कप्प्यात आहे. सोशल गेमसाठी वर्गणी किंवा एकदाच भरायचं शुल्क घेता येतं, फक्त ती रक्कम पैज किंवा डाव असता कामा नये. म्हणजे दोनशे रुपयांना गेम विकणं हा धंदा आहे, जुगार नाही. कायद्याच्या नावात ‘प्रोत्साहन’ हा शब्द आधी येतो आणि तो याच दोन कप्प्यांसाठी आहे. चर्चा मात्र झाली ती तिसऱ्याची.

इंडी म्हणजे कोण?

इंडी हा ‘इंडिपेंडंट’चा शॉर्टफॉर्म. मोठ्या कंपनीचा पैसा आणि हुकूम नसताना एकट्याने किंवा चार-पाच जणांनी बनवलेला गेम म्हणजे इंडी गेम. लॉकडाऊनमध्ये अर्ध्या जगाने खेळलेला ‘अमंग अस’ हा असाच. तो २०१८ मध्ये तीन माणसांनी बनवला, दोन वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही आणि २०२० मध्ये तो अचानक घराघरांत पोहोचला.

दुसरं उदाहरण शेतकरी जिल्ह्याला जवळचं वाटेल. ‘स्टारड्यू व्हॅली’ या गेममध्ये आजोबांनी मागे ठेवलेली पडीक जमीन कसायची असते. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, माल विकायचा. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने सुमारे चार वर्षं एकट्याने तो बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडही त्याचाच. २०१६ मध्ये तो आला आणि २०२४ च्या अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्या गेममध्ये माल एका पेटीत टाकून झोपायचं, सकाळी ठरलेल्या भावाने पैसे जमा. मोसंबी-सोयाबीनवाल्याला हसू येईल असा हा भाग आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजार समितीत त्याच्या खाली भाव पुकारला जात होता. खऱ्या शेतीचा गेम कुणी बनवलाच, तर त्याची ‘डिफिकल्टी लेव्हल’ वेगळी ठेवावी लागेल.

महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. पण तोवर गेमचा डेमो लोकांच्या हातात गेला होता, त्यावर बोललं जात होतं. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निनटेंडो स्विचवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकनही होतं. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले.

वर्गणी फसली, तरी लोकांच्या चर्चेतून गेम पुढे गेला. या जगात हे वारंवार घडतं. त्यामुळे ती चर्चा कशी चालते, हे बघायला हवं.

दिवसभर बोलतात तरी काय?

बहुतेक बोलणं डिस्कॉर्डवर चालतं. हे नाव बऱ्याच भारतीयांनी पहिल्यांदा ऐकलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. नेपाळमध्ये सरकार कोसळल्यावर तिथल्या तरुणांनी हंगामी पंतप्रधान कोण असावं याची चर्चा डिस्कॉर्डवर केली आणि सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं. मुळात २०१५ मध्ये आलेलं हे अ‍ॅप गेम खेळताना गप्पा मारण्यासाठी होतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सगळं एकाच धाग्यात वाहून जातं, सकाळच्या फुलांखाली कामाचा मेसेज गाडला जातो. डिस्कॉर्डवर एका समूहाचा एक ‘सर्व्हर’ आणि त्यात विषयवार खोल्या असतात. ओळख करून देण्याची वेगळी, मदत मागण्याची वेगळी, काम दाखवण्याची वेगळी आणि निव्वळ टाइमपासची वेगळी.

रोजचा दिवस साधारण असा जातो. सकाळी कुणीतरी चहाच्या कपाचा फोटो टाकतं. दुपारी कॉलेजातून कुणी विचारतं की परीक्षा आहे, महिनाभर गेम बंद ठेवू का. कुणाच्या मांजरीने कीबोर्डवर चालून फाइल बिघडवलेली असते. कुणाची वीज गेलेली असते आणि सेव्ह केलेलं नसतं. ही शेवटची तक्रार भारतीय सभासद जरा जास्त आपुलकीने वाचतात. शनिवारी ‘स्क्रीनशॉट सॅटर्डे’ असतो, आठवड्यात जे काही बनलं त्याचं एक चित्र टाकायचं. अर्धवट असलं तरी चालतं, उलट अर्धवटच अपेक्षित असतं.

रात्री खरी गर्दी होते. भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळ असते आणि न्यूयॉर्कमध्ये दुपार. त्यामुळे जगभरची माणसं एकत्र सापडण्याची वेळ भारतीयांसाठी जागरणाची ठरते. घरच्यांच्या ‘रात्रभर गेमवर असतो’ या तक्रारीमागे व्यसनाइतकाच हा घड्याळाचा हिशेबही असू शकतो.

गप्पांचा पोत कसा असतो, हे एका साध्या प्रश्नावरून कळेल. कुणीतरी दहा सेकंदांचा व्हिडिओ टाकून विचारतं, ‘माझी उडी बरोबर का वाटत नाही?’ नवख्याला वाटेल, उडी ती उडी. पण उत्तरं येऊ लागतात. एक म्हणतो, वर जाताना आणि खाली येताना गुरुत्वाकर्षण सारखं ठेवू नकोस, खाली येताना वाढव. दुसरी विचारते, ‘कोयोटी टाइम’ दिलास का? म्हणजे कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा साधारण दहावा भाग खेळणाऱ्याला उडी मारू द्यायची. रोड रनरच्या कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा कोयोटी दरीवर क्षणभर तरंगतो ना, त्यावरून हे नाव पडलं. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही, त्याला फक्त गेम ‘न्याय्य’ वाटतो. तिसरा काहीच सल्ला देत नाही, गेम खेळतो आणि लिहितो, ‘दुसऱ्या पुलावर चार वेळा पडलो, पाचव्यांदा बंद केला.’

या तिघांत सगळ्यात मोलाचं उत्तर तिसऱ्याचं. ‘मस्त आहे भाऊ, एक नंबर’ हे ऐकायला गोड असतं, त्याचा उपयोग शून्य. कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, कुठलं बटण सापडलं नाही हे सांगणारा अनोळखी माणूस हवा असतो. गेम बनवणाऱ्याला स्वतःचा गेम नव्या नजरेने खेळताच येत नाही, त्याला सगळ्या खाचखळग्यांची सवय झालेली असते. मोठी कंपनी यासाठी पगारी माणसं ठेवते. इंडीवाल्याकडे ती खोली असते. आज मी तुझा खेळतो, उद्या तू माझा खेळ. खेड्यात पेरणीच्या वेळी सावड घालतात, तुझ्या शेतात आज माझी बैलजोडी, माझ्यात उद्या तुझी. तोच व्यवहार.

काही ठिकाणी ही सावड नियमातच आहे. ‘लुडम डेअर’ ही २००२ पासून चालणारी गेम जॅम घ्या. गेम जॅम म्हणजे एक विषय जाहीर होतो आणि ठरलेल्या तासांत गेम बनवायचा. लुडम डेअरमध्ये एकट्याला ४८ तास, गटाला ७२. मुदत संपल्यावर खरा भाग सुरू होतो: सगळे एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, शेरे लिहितात. जो दुसऱ्यांवर जास्त लिहितो त्याचा गेम जास्त लोकांना दाखवला जातो. नुसता घेणारा मागे पडतो. अशाच एका चार दिवसांच्या प्रयोगातून २०१५ मध्ये ‘सेलेस्ट’ या गेमचा पहिला, बाळबोध अवतार निघाला होता. पूर्ण गेम २०१८ मध्ये आला आणि गाजला.

सगळं गोडगुलाबी नसतं. बहुतेक गेम अर्धवट सोडले जातात आणि बहुतेक पूर्ण झालेले गेम कुणी विकत घेत नाही. टाइमपासच्या खोलीत रात्री उशिरा होणारं बोलणं याच विषयाचं असतं. ‘तीन वर्षं दिली, अकरा प्रती गेल्या’ अशा धर्तीचे मेसेज तिथे नेहमी दिसतात आणि त्याखाली ‘मी एक घेतली’ अशी उत्तरंही.

बारा माणसं आणायची कुठून?

आता हे सगळं बुलढाणा जिल्ह्यात आणून ठेवू.

समजा, चिखलीतल्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर चालणारा छोटा गेम बनवला. कॉम्प्युटरच्या गेमबाजारात, स्टीमवर तो टाकायचा तर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. ही रक्कम परत मिळते, पण गेमने हजार डॉलर कमावल्यावर. शिवाय विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीमचा. भारतात गेम खेळले जातात ते मुख्यतः मोबाइलवर, म्हणून ती गुगल प्ले निवडते. तिथे एकदाच २५ डॉलर नोंदणी. जमलं.

पण पुढे एक अट येते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० परीक्षक लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. हे बारा जण सलग १४ दिवस चाचणीत टिकले पाहिजेत. मध्येच कुणी बाहेर पडलं तर मोजणी बिघडते. कंपनीच्या नावाने खातं असेल तर ही अट नाही. म्हणजे भांडवलवाला थेट आत जातो आणि एकट्याने दारात बारा जामीनदार उभे करायचे.

पुण्यात शिकणाऱ्याला वर्गातच बारा जण सापडतील. चिखलीतली मुलगी घरच्यांचे फोन मोजते: आई, बाबा, काका, आत्या, मावसभाऊ. प्रत्येकाकडे अँड्रॉइड फोन, प्रत्येकाचं गुगल खातं, प्रत्येकाला लिंक उघडायला लावायची आणि पंधरा दिवस अ‍ॅप काढू नका म्हणून विनवायचं. काकांचा फोन चौथ्या दिवशी ‘स्टोरेज फुल’ झाला की ते सगळ्यात आधी हेच काढणार. पैसे घेऊन परीक्षक पुरवणारेही इंटरनेटवर भेटतात, पण ते गेम खेळत नाहीत, नुसती संख्या भरतात.

ज्यांनी वर्षभर दुसऱ्यांचे गेम खेळून शेरे दिलेले असतात, त्यांना हे बारा जण एका संध्याकाळी मिळतात. ‘टेस्टर हवेत’ एवढं लिहिलं की पुरतं. बाहेरून रिकामटेकड्या वाटणाऱ्या गप्पा अशा वेळी पत म्हणून कामी येतात. बँक त्या पतीवर कर्ज देणार नाही, पण गेम बाजारात जायचा तर तीच लागते.

चिखलीची ‘चखिली’ का होते?

बारा जण मिळाले, तरी एक अडचण मराठीतच गेम बनवू पाहणाऱ्यालाच कळते. ती अक्षरांची आहे.

कॉम्प्युटरमध्ये ‘चि’ साठवला जातो तो च आणि मग वेलांटी या क्रमाने, म्हणजे आपण उच्चारतो तसा. पण दाखवताना वेलांटी च च्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांचंही तसंच, दोन अक्षरं आणि मधला हलन्त एकत्र येऊन नवा आकार बनतो. हे काम ‘टेक्स्ट शेपिंग’ नावाचा भाग करतो. ब्राउझर आणि फोनमध्ये तो असतो, म्हणून हा लेख नीट वाचता येतोय. गेम बनवण्याच्या साधनांमध्ये, ज्यांना ‘इंजिन’ म्हणतात, तो बरीच वर्षं नव्हता. इंग्रजीला त्याची गरजच पडत नाही, त्यामुळे कुणाला घाई नव्हती.

परिणाम बघायचा तर जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांची नावं अशा इंजिनमध्ये टाकावीत. खामगाव, शेगाव, मेहकर, लोणार, मलकापूर, नांदुरा, मोताळा, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, बुलढाणा, हे दहा सहीसलामत येतात. चिखलीची वेलांटी पुढच्या ख ला चिकटून नाव ‘चखिली’ असं दिसतं. सिंदखेड राजाची वेलांटीही अशीच सरकते, म्हणजे जिजाऊंचं जन्मगाव पडद्यावर धड लिहिता येत नाही. संग्रामपूरमधला ग्र फुटून ग चा पाय मोडलेला आणि र वेगळा, असे दोन तुकडे होतात. तेरातले तीन तालुके गेले.

युनिटी या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इंजिनमध्ये मजकुरासाठी रूढ असलेला भाग देवनागरीची ही जुळणी स्वतःहून करत नाही. मग लोकांनी जुगाड काढले. त्यातला एक तर मजेशीर आहे: कृतिदेवसारखे जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरायचे. लग्नपत्रिका आणि बॅनर छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे असतात तसे. त्यात प्रत्येक तुकडा वेगळं इंग्रजी अक्षर म्हणून बसतो, त्यामुळे इंजिनला कळतच नाही की हे मराठी आहे. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातली विद्या अशी गेममध्ये उपयोगी पडते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वाक्याचं चित्र करून चिकटवणं. एक काना बदलायचा तर चित्र पुन्हा काढा.

मोठा बदल झाला मार्च २०२३ मध्ये. गोडो हे अर्जेंटिनात जन्मलेलं, मोफत आणि मुक्त स्रोताचं इंजिन आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीत हा जुळणीचा भाग आला आणि देवनागरी सरळ चालू लागली. त्यामागे कुठली मराठी संस्था नव्हती की सरकारी अनुदान. अरबी, हिंदी, थाई अशा अनेक लिपींसाठी लागणारी दुरुस्ती मुक्त स्रोताच्या पद्धतीने झाली, म्हणजे तक्रार नोंदवा, चर्चा करा, कुणीतरी कोड लिहा, बाकीच्यांनी तपासा. आपली लिपी कुठे तुटते हे दाखवणारा एक स्क्रीनशॉटही अशा कामात मोलाचा असतो.

मराठी गेम फारसे दिसत नाहीत, यामागे ‘मराठी माणूस खेळत नाही’ हे कारण पुरेसं नाही. टोरांटोतल्या व्हिसाई गेम्सने २०२३ मध्ये ‘वेंबा’ हा एका स्थलांतरित तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरावरचा गेम काढला. इडली कशी करायची हे कोड्यासारखं सोडवायचं, आईच्या जुन्या वहीतली पुसलेली कृती ओळखायची. जगभर त्याचं कौतुक झालं. शेगावची कचोरी आणि वऱ्हाडी बोली यांना असा गेम मिळू नये, असं काही विषयात नाही.

भाड्याच्या घरातली बैठक

या मंडळींची खरी दुखरी नस वेगळी आहे. त्यांचं सगळं घर भाड्याचं आहे.

इच.आयओ ही २०१३ मध्ये लीफ कॉर्कोरन या प्रोग्रामरने सुरू केलेली वेबसाइट म्हणजे छोट्या गेमची जत्रा. टाकायला पैसे लागत नाहीत, वेबसाइटला किती वाटा द्यायचा हे बनवणाराच ठरवतो. डिसेंबर २०२४ मध्ये एका खेळणी कंपनीसाठी काम करणाऱ्या यंत्रणेने एका पानाबद्दल फसवणुकीची तक्रार केली आणि डोमेन देणाऱ्या कंपनीने पूर्ण वेबसाइटच काही तास बंद पाडली. जुलै २०२५ मध्ये पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे तिथले प्रौढांसाठीचे सगळे गेम शोधातून एका झटक्यात गायब झाले. त्यात अश्लील काही नसलेले, गंभीर विषयांवरचे गेमही अडकले.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेनंतर गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा पैसे द्यावे लागतील. तेव्हा गप्पांच्या खोल्या पेटल्या. अनेकांनी चालू काम सोडून गोडोकडे मोर्चा वळवला. कंपनीचे प्रमुख पुढच्याच महिन्यात पायउतार झाले आणि वर्षभराने ते शुल्क पूर्ण रद्द झालं. विखुरलेल्या, एकेकट्या माणसांनी मोठ्या कंपनीला माघार घ्यायला लावल्याचं हे अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण.

डिस्कॉर्डही निर्धोक नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने कबूल केलं की तिच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर हल्ला होऊन सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झालेले असू शकतात. वय सिद्ध करायला लोकांनी ते दिले होते. भारतात आता हाच प्रश्न येणार आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. म्हणजे अकरावीतल्या मुलाला गेम बनवणाऱ्यांच्या खोलीत शिरायचं असेल तर घरच्यांना ‘हे काय आहे’ हे सांगावंच लागेल. रमीच्या गोंधळात ते सांगणं सोपं नाही.

सरकारच्या नकाशावर हे कुठे आहेत?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी २०५० पर्यंतचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटी रुपयांचं. मुंबईत केंद्राची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज त्याच वर्षी सुरू झाली. दोन्ही गोष्टी गरजेच्या आहेत. पण अशा धोरणांची भाषा पार्कची, स्टुडिओची आणि गुंतवणुकीची असते. बुलढाणा शहराला रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, गाडी पकडायला मलकापूरला जावं लागतं आणि पुण्याला जायचं तर रात्रीची ट्रॅव्हल्स. तिथून पार्कपर्यंत पोहोचणारा मुलगा हा आधी जिल्हा सोडलेला मुलगा असतो.

जिल्ह्यात इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९८३ पासून चालतंय. ग्लोबल गेम जॅम दर जानेवारीत जगभर होते आणि अटी पाळून कॉलेजंही तिचं ठिकाण म्हणून नोंदवता येतात. त्यासाठी लागतात कॉम्प्युटर लॅब, इंटरनेट, दोन दिवस चालू राहणारी वीज आणि रात्री लॅब उघडी ठेवायला तयार असलेला एक प्राध्यापक. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

घरात गेम दिसला तर काय बघायचं?

पालकांसाठी ओळखीची खूण सोपी आहे. पडद्यावर पैसे भरा, जिंका, काढून घ्या अशी भाषा दिसली, बँक खातं जोडायला सांगितलं, तर तो मनी गेम. तो आता बेकायदा आहे आणि तो चालवणाऱ्याची तक्रार करता येते. त्यात पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. मुलाला शिक्षा होईल या भीतीने गप्प बसायचं कारण नाही.

आणि पडद्याच्या एका बाजूला कोडच्या ओळी, दुसऱ्या बाजूला तीच बाहुली तोच खड्डा चाळिसाव्यांदा ओलांडताना आणि खाली इंग्रजी-हिंदी-मराठीच्या खिचडीत कुणीतरी ‘आता बरी पडतेय उडी’ असं लिहिलेलं दिसलं, तर एकदा खेळायला मागावा. कुठे अडकलात ते तेवढं नीट सांगावं. बारातला एक फोन त्याला तसाही हवाच असेल.